'ध'चा 'मा' आणि हुकमाचे ताबेदार

खाडिलकरांचें 'भाऊबंदकी' आम्ही कित्येक वर्षें शिकवीत आलों आहों. नारायणराव पेशव्यांचा खून, राघोबादादांची लालसा व दुबळेपणा, आनंदीबाईची महत्त्वाकांक्षा आणि या सर्वांसमोर उभे राहणारे रामशास्त्री प्रभुणे, ही सामग्री मराठी वाचकास नवी नाहीं. आनंदीबाईच्या मागें लेडी मॅक्बेथची छाया आहे, हेंही आम्ही दरवर्षीं सांगतों, व विद्यार्थी तें दरवर्षीं उत्तरपत्रिकेंत लिहितात. परंतु मागील सालीं सेलूस आमच्या वर्गांत एका मुलानें जो प्रश्न केला, त्याचें उत्तर आमच्या टिपणवहींत नव्हतें. "सर, हुकूम कुणाचा होता तें कळलें. पण ज्यांनीं तरवार चालविली, त्यांच्या मनांत काय होतें?" आम्हीं तास संपल्याचें निमित्त केलें. तें देणें फेडावें म्हणून हा लेख.

नाटकाच्या गुणांविषयीं प्रथम बोलूं. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९०९ सालीं 'केसरी'तील त्यांच्या सहकाऱ्याचें हें नाटक रंगभूमीवर आलें. सत्ताधीशाच्या तोंडावर त्याचा अपराध सांगणारा न्यायाधीश पाहावयास जे बसत, त्यांत सरकारी कचेऱ्यांतले कारकूनही असणारच. त्यांच्या दृष्टीनें रामशास्त्री हें केवळ गतकाळचें पात्र खास नव्हतें. एवढें सामर्थ्य असलेलीं नाटकें आमच्या भाषेंत फार नाहींत, हें मान्य करूनच पुढील आक्षेप घेत आहों.

नाटक पाहून प्रेक्षक घरीं जातो तो मनांत दोन तऱ्हेचीं माणसें घेऊन: करविणारीं आणि नाकारणारा. करणारा मध्येंच कोठें तरी गळून पडतो. हा दोष एकट्या नाटककाराचा नव्हे. आपल्या लोकस्मृतीनेंच ही सोय आधीं करून ठेविली होती. 'ध'चा 'मा' करणें हा वाक्प्रचारच पाहा. 'धरावें' असा हुकूम होता, आनंदीबाईनें त्याचा 'मारावें' केला, आणि खून झाला! तसा कागद संशोधकांच्या हातीं लागलेला नाहीं, ही गोष्ट बाजूस ठेवूं. कथा खरी मानली तरी तिचा अर्थ काय होतो? अक्षराचें पाप लिहिणारीकडे जातें आणि तें वाचून अंमल करणारा मोकळा सुटतो. आम्हांस तर वाटतें कीं, ही कथा हुकमाच्या ताबेदारांनींच आपल्या समाधानासाठीं जपली असावी. शिवाय 'धरावें' हा हुकूम तरी कोणत्या अधिकाराचा? धरावयाचा तो गादीवरील पेशवा, आणि हुकूम देणारा स्वतः वाड्यांत नजरकैदेंत! तो हातीं घेतला तेव्हांच अर्धा जिना उतरून झाला होता.

ग्रँट डफनें दिलेली हकीकत याहून बोलकी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं थकलेल्या पगाराचा गलबला करीत गारदी शनिवारवाड्यांत शिरले. नारायणराव धांवत जाऊन चुलत्यास बिलगला. दादांनीं त्याच्यासाठीं रदबदली केलीही. परंतु सुमेरसिंग गारद्यानें ती ऐकली नाहीं. इतकें पुढें आल्यावर मागें फिरणें म्हणजे आपलाच घात, असा त्याचा जबाब होता. म्हणजे हुकूम देणारा कचरतो आहे, आणि ताबेदार थांबत नाहीं!

या 'इतकें पुढें आल्यावर'चा शोध पुढें अमेरिकेंत येल विद्यापीठांत स्टॅन्ली मिलग्रॅम यांनीं घेतला. १९६१ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या प्रयोगांत सामान्य माणसांस, पलीकडच्या खोलींतील मनुष्य चुकला कीं त्यास विजेचा झटका देण्यास सांगत. झटका खोटा, भिंतीवर पडणारे धक्केही ठरवून घेतलेले. पण कळ दाबणाऱ्यास तें ठाऊक नसे. पहिली कळ १५ व्होल्टची, पुढली प्रत्येक १५ नें अधिक, शेवटची ४५० ची. पहिल्या अहवालांत ४० पैकीं २६ जण शेवटपर्यंत गेले. घाम फुटला, हात कांपले, तरी गेले. येथें कोणत्याही एका कळीपाशीं 'ध'चा 'मा' होत नाहीं. १५ देऊन चुकलेल्यास ३० नाकारण्याचें कारण सांपडत नाहीं. आणि ४३५ देऊन चुकलेल्यानें ४५० नाकारले, तर मागल्या एकोणतीस कळांचा जाब त्यास स्वतःलाच द्यावा लागतो. सुमेरसिंगाचें गणित फार निराळें नव्हतें. (येलच्या माणसांची थकबाकी कुणाकडे नव्हती, हा भेद आम्ही विसरत नाहीं.)

परंतु मुलाचा प्रश्न मनाविषयीं होता. एका बाजूस सदसद्विवेकबुद्धि व दुसऱ्या बाजूस हुकूम, हें आपण काढतों तें चित्र पुस्तकी आहे. 'खाल्ल्या मिठास जागावें' हीही ताबेदाराच्या मनांत विवेकाचीच वाणी असते. सेलू सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या दिवसांच्या गोष्टींत रझाकारांचा क्रूरपणा ठळक असतो; आम्हांस मात्र अधिक अस्वस्थ करतो तो कागद घेऊन दाराशीं येणारा, मान खालीं घालून 'वरचा हुकूम, माझ्या हातीं काय आहे' म्हणणारा ओळखीचाच माणूस. तो दुष्ट नव्हता. त्याला लोक इमानी म्हणत. रामशास्त्रीही पेशव्यांचेंच मीठ खात होते. फक्त तें मीठ गादीवर बसलेल्या माणसाचें कीं न्यायासनाचें, हें त्यांनीं स्वतःशीं ठरविलें होतें. 'भाऊबंदकी'चें मर्म आम्हांस त्यांच्या बाणेदार भाषणांहून या ठरविण्यांत अधिक दिसतें.

मिलग्रॅमच्याच दुसऱ्या एका प्रयोगांत शेजारीं बसलेले दोघे मध्येंच नकार देऊन उठत. तेव्हां ४० पैकीं अवघे ४ शेवटास गेले. हा आंकडा वाचल्यापासून शास्त्रीबोवांचा प्रसंग आम्ही निराळा वाचूं लागलों आहों. राघोबादादांस दोषी ठरवून त्यांनीं पुणें सोडलें. परंतु नाहीं म्हणतां येतें, हें दरबारानें पाहिलें होतें. त्याचा परिणाम मोजून दाखवितां येणार नाहीं. एवढें खरें कीं, पुढें दादा फौज घेऊन स्वारीवर असतां सखारामबापू, नाना फडणीस वगैरे मंडळी निरनिराळीं निमित्तें सांगून छावणींतून परतली, आणि १७७४ सालीं बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें. निमित्तें सांगून, हें विशेष! या निमित्तांवर कुणी नाटक लिहील तर तें आम्ही मोठ्या आनंदानें शिकवूं.

त्या मुलास आम्हीं हें सर्व सांगितलें. निमित्त सांगून निघून जाणें हा नकार म्हणावा कीं ताबेदारीच, असें त्यानें लागलीच विचारलें. या खेपेस तास संपावयास पुष्कळ अवकाश होता.