पहिल्या पानावरचं बेंडिगो

एकोणिसाव्या शतकातलं वर्तमानपत्र उघडलं की आधी बातमी दिसत नाही. पहिलं पान जाहिरातींचं असतं. बारीक खिळ्यांचे उभे रकाने, त्यांच्यामध्ये केसाएवढ्या रेघा, कुठे लाकडी ठशातली एखादी बाटली किंवा बूट. ‘बेंडिगो अ‍ॅडव्हर्टायझर’ तर जाहिरात नावातच घेऊन १८५३ साली निघालं. बेंडिगो हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीतलं सोन्याचं गाव. सोनं सापडलं १८५१ मध्ये. सरकारी कागदांवर १८९१ पर्यंत नाव सँडहर्स्ट, लोकांच्या तोंडी मात्र बेंडिगोच. गावाचा इतिहास वाचायचा म्हणून मी या काळची पत्रं चाळायला घेतली आणि पहिल्या पानावरच अडकले. आत राज्यपालांची भाषणं आहेत, सभांचे वृत्तांत आहेत. पण गावाला काय दुखत होतं आणि त्याला कशाची आस होती, हे या पहिल्या पानाइतकं कुठेच उघड होत नाही. नाव न लावता लिहिणाऱ्या माणसांचं हे गद्य मला फार चांगलं गद्य वाटतं, म्हणून त्याचं रसग्रहण.

सुरुवात बाटलीपासून करते. सँडर अँड सन्स नावाची पेढी याच गावात युकॅलिप्टसचा अर्क करून विकायची. तिच्या जाहिराती १८८० आणि १८९०च्या दशकांत वसाहतींतल्या कितीतरी पत्रांत छापल्या गेल्या. एक नमुना पाहा. पहिल्याच वाक्यात इटलीचा राजा येतो. त्याने या औषधाला आश्रय दिला, तसं परराष्ट्रमंत्र्याने मेलबर्नच्या वकिलातीमार्फत कळवलं, हे सगळं पायरीपायरीने सांगितलेलं असतं. मग १८८३ च्या अ‍ॅमस्टरडॅम प्रदर्शनातला गौरव. मग डॉक्टरांचे हवाले. शेवटी नकली मालाबद्दल इशारा, आणि त्याला आधार चक्क व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या साक्षीचा.

ही चढण बघण्यासारखी आहे. राजा, प्रदर्शन, डॉक्टर, न्यायालय. रोग अजून आलेला नाही, आधी साक्षीदार उभे केले. बेंडिगोच्या झाडाला बेंडिगोच्या माणसासमोर मोठेपण यायला अर्ध्या जगाचा फेरा घालावा लागतो, हे लिहिणाऱ्याला कळलं होतं. राजा इटलीचाच का, याचं उत्तर मला रोमजवळच्या त्रे फोंताने मठात सापडतं. १८७०च्या आसपास तिथल्या साधूंनी हिवतापाच्या दलदलीत युकॅलिप्टसची झाडं लावली होती, आणि इटलीत या झाडाचा फार बोलबाला झाला होता. म्हणजे राजाचं नाव हवेतून आणलेलं नव्हतं. दुसरी नजाकत शब्दांची. ही पेढी आपल्या मालाला ‘तेल’ म्हणू देत नाही, ‘अर्क’ म्हणते. नुसतं तेल म्हणजे बाजारू, अर्क म्हणजे सत्त्व. एका शब्दाने शेजारच्या सगळ्या दुकानांची प्रत खाली उतरते.

आपल्याला हे झाड परकं नाही. १८४०च्या दशकापासून इंग्रजांनी ते उटीच्या डोंगरांवर लावलं आणि मराठीने त्याला त्या डोंगराचंच नाव दिलं, निलगिरी. सर्दीत रुमालावर टाकलेल्या त्या चार थेंबांचं माहेर मात्र ऑस्ट्रेलियात आहे. बेंडिगोच्या उत्तरेला व्हिपस्टिकच्या खुरट्या रानात ब्लू मॅली जातीचा पाला कापून भट्टीत वाफवत. हार्टलँड यांची तिथली भट्टी १८९० ची. त्याआधी जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने मेलबर्नजवळ डँडेनाँगच्या ओढ्याकाठी १८५२ मध्ये या तेलाचा धंदा उभा केला होता. पाला मात्र या परिसरातल्या मूळ आदिवासींच्या ओळखीचा त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. जाहिरातीत त्यांचा उल्लेख मला आढळला नाही. राजाची साक्ष काढणाऱ्या गद्यातली ही उणीव वाचताना टोचते.

आता प्रश्न असा की याच गावात खोकल्याच्या औषधांची इतकी गर्दी का? उत्तर जमिनीखाली आहे. वरवरचं सोनं संपल्यावर बेंडिगोच्या खाणी गारगोटीच्या खडकात खोल खोल गेल्या. शतक संपता संपता काही ३,००० फुटांच्याही खाली पोचल्या. हवेच्या दाबावर चालणारी छिद्रयंत्रं कोरड्या खडकाची धूळ उडवत, ती छातीत बसे आणि उमेदीतली माणसं धापा टाकत मरत. खोकला, दमा, कफ, घशाची खवखव ही जाहिरातीतली यादी वाचताना मला ती धूळ दिसते. औषधाने काही घटका श्वास मोकळा होत असेल. फुप्फुसात रुतलेली गारगोटी त्याने निघणार नव्हती. तरी बायका ती बाटली घरात आणत असतील, यात मला जराही नवल वाटत नाही.

याच पानांवर चिनी वैद्यांच्याही जाहिराती भेटतात. बेंडिगोच्या ब्रिज स्ट्रीटवर चिनी वस्ती होती, आणि तिथले जेम्स लॅम्सी हे वैद्य गावात प्रतिष्ठित होते. वसाहतीत चिनी माणसाने उतरताना डोईपट्टी भरायची असा कायदा १८५५ चा. त्याच वसाहतीतले गोरे रुग्ण नाडी दाखवायला आणि झाडपाल्याचा काढा घ्यायला चिनी वैद्याकडे जात. म्हणून या जाहिरातींचा कणा म्हणजे बऱ्या झालेल्या गोऱ्या माणसांची आभारपत्रं. स्वतः वैद्य फार थोडं बोलतो, त्याच्या वतीने शेजारी बोलतात. ज्याच्या पदवीला कायदा मान देत नाही त्याने गुणाची साक्ष रुग्णाच्याच तोंडून द्यावी, यातला संयम मला सँडरच्या राजापेक्षा जास्त भावतो. याच गावात इस्पितळासाठी आणि निराधारांच्या आश्रमासाठी १८७१ मध्ये ईस्टरची जत्रा सुरू झाली. पुढे तिच्या मिरवणुकीचं मोठं आकर्षण चिनी समाजाचंच झालं.

औषधावरून नजर काढली की घोडे येतात. मेलबर्न कप १८६१ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सोडतींचं पीक आलं. त्यांतली सर्वांत मोठी जॉर्ज अ‍ॅडम्स यांची टॅटरसॉल. सिडनीतल्या त्यांच्या हॉटेलातून १८८१ मध्ये सिडनी कपवर पहिली जाहीर सोडत निघाली. तिकीट घ्यायचं, क्रमांकाला घोडा लागला तर लागला. या सोडतीचं जाहिरातीतलं नाव मात्र वेगळंच आहे, ‘कन्सल्टेशन’! डॉक्टरकडे जातो तेही कन्सल्टेशन आणि घोड्यावर पैसे लावतो तेही. जुगार हा शब्द कायद्याच्या डोळ्यांवर येतो, म्हणून सल्लामसलतीचा पांढरा सदरा त्याला घातला. वस्तूंच्या लॉटरीला ‘आर्ट युनियन’, म्हणजे कलासंघ, म्हणत ते यातलंच. मला हा शब्द निव्वळ आडपडदा वाटत नाही. आजारी माणूस आणि तिकीट घेणारा माणूस दोघेही एकच गोष्ट विचारायला जातात: माझं पुढे काय?

मजकूर अगदी कोरडा असतो. किती वर्गणीदार, तिकीट किती शिलिंगांचं, बक्षिसं कोणती. पत्र रजिस्टर करा, सोबत पत्ता लिहिलेली दोन पाकिटं पाठवा, एक पोच देण्यासाठी, एक निकालासाठी. त्या दुसऱ्या पाकिटाशी मी दर वेळी थांबते. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहून माणूस ते दूरच्या शहरी धाडतो आणि मग रोज टपालाची वाट बघतो. वर्षं उलटतात तसा सोडतीचा पत्ता बदलतो. न्यू साउथ वेल्सने बंदी घातली म्हणून १८९३ मध्ये क्वीन्सलंड, तिथूनही उठवलं म्हणून टास्मानियातलं होबार्ट. ‘टॅटरसॉल, द्वारा जॉर्ज अ‍ॅडम्स’ एवढं मात्र कायम राहतं.

बेंडिगोत तिकीट न घेताही जुगारात असणं शक्य होतं, कारण खाणींचे शेअर घरोघर होते. पानातली सर्वांत रुक्ष जाहिरात त्यांचीच: अमुक कंपनीने शेअरमागे अमुक पेन्सचा हप्ता मागितला आहे, अमुक तारखेपर्यंत भरावा. १८७१ च्या व्हिक्टोरियाच्या कायद्याने भागधारकावर हप्ता भरायची सक्ती ठेवली नाही, पण न भरणाऱ्याचा शेअर जप्त होऊन लिलावात जाई. म्हणजे दर हप्त्याला घरात एकच वाद, आता सोडायचं की आणखी थोडं खोल जायचं? त्या दोन ओळींच्या मागे मला उशिरापर्यंत जळणारी मेणबत्ती दिसते. मेणबत्तीचीच गोष्ट खरी झालेला माणूसही याच गावचा. जॉर्ज लॅन्सेल इथे आला तो भावांबरोबर खाटीकखाना आणि साबण-मेणबत्त्यांचा धंदा करणारा. खाणींत पैसे घालत, आधी बुडत आणि मग तरत तो या गावाचा ‘क्वार्ट्झ किंग’ झाला. त्या एका नावावर किती जणांनी हप्ते भरले असतील!

उरलेलं पान कारागिरांचं, आणि तिथे आवाज एकदम बदलतो. लोहार, सुतार, ओतारी, खोगीर शिवणारे, बूट सांधणारे. विशेषणं गळून पडतात, राहतं नाव, गल्ली आणि काम. जॉर्ज गथ्री या स्कॉटिश कुंभाराची भट्टी १८५८ पासूनची, आणि तिची मातीची भांडी अजूनही एप्समला होतात. कोन बंधू हे डेन्मार्कहून आलेले भाऊ सरबतं आणि बिअर विकत. ज्याचा माल रोज गिऱ्हाइकाच्या हातात पडतो त्याला राजा लागत नाही, हे पानाच्या तळाशी आल्यावर कळतं. माझ्या मते हा या पानाचा सर्वांत सुंदर भाग. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १९०० मध्ये, पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार फिरलेल्या सिडनी मायरने आपल्या भावाबरोबर याच गावात छोटं कापडाचं दुकान थाटलं. पुढे त्याचंच ‘मायर’ हे देशभर पसरलेलं दुकान झालं.

हे सगळं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात विनामूल्य वाचता येतं, पुण्यात बसून किंवा मेलबर्नच्या मराठी घरातूनही. उघडाल तेव्हा बातम्यांकडे धावू नका. पहिल्या पानावर डाव्या रकान्यापासून सुरुवात करा आणि हप्त्यांच्या जाहिरातीही वगळू नका.