महापुरुषाच्या तोंडी शिवी

गेल्या 14 एप्रिलला आमच्या वस्तीत माझ्या कवितेचा माईक बंद केला. रात्रपाळी करून आलो होतो, डोळे तांबारलेले. कविता अशी की चौकातला बाबासाहेबांचा पुतळा रात्री खाली उतरतो, गुत्त्याबाहेर पडलेल्या पोराला उठवतो आणि त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलतो. त्या भाषेत एक शिवी आहे. तीच शिवी सूतगिरणीत मुकादम आम्हाला पाळीत दहादा घालतो. नळावर बाया एकमेकींना घालतात. तिथं कुणाचे कान फाटत नाहीत. माईकवर आली आणि मंडळाचा एक दादा उठला. 'बाबासाहेबांच्या तोंडी शिवी?' म्हणाला आणि वायर उपटली. मी अर्ध्या ओळीवर उभा.

खाली उतरलो तर वकिलीचं शिकणारा एक मित्र हसत म्हणाला, 'लेका, तुझ्यासारखीच केस सुप्रीम कोर्टात होऊन गेलीय.' दुसऱ्या दिवशी त्याने निकालाच्या झेरॉक्स आणून दिल्या. मला इंग्रजी डिक्शनरी लावून वाचावं लागतं. रिंगखात्यात जेवणाच्या सुट्टीत पान पान करून दोन महिने वाचलं. आता बोलतो.

कवी वसंत दत्तात्रेय गुर्जर. कविता 'गांधी मला भेटला'. लिटल मॅगझिनवाल्या पिढीतला हा कवी, ही कविता ऐंशीच्या दशकात पोस्टर म्हणून आली. नंतर 1994 च्या जुलै-ऑगस्टमध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनात छापली. म्हणजे आपल्या या अंकासारखीच, नोकरी करणाऱ्यांनी काढलेली पानं. तक्रार झाली, लातूरला गुन्हा नोंदला. दंड संहितेचं कलम 292, अश्लील मजकूर. (2024 पासून नव्या न्याय संहितेत ते 294 झालंय. आकडा बदलला, भानगड तीच.) खालून वर जात जात सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला 14 मे 2015 ला. एकवीस वर्षं. आमच्यातल्या कुणावर अशी केस पडली तर एकवीस महिन्यांत पोराबाळांचं पोट खपाटीला जाईल.

कवितेत गांधी जागोजागी भेटतो. ज्याच्या दारात भेटतो त्याच्यासारखा बोलतो. कविता म्हणून मला ती सगळी पटत नाही. कुठं कुठं नुसती यादी वाटते, आणि काही शब्द मला मारल्यासारखे वाटत नाहीत, फेकल्यासारखे वाटतात. पण त्यामागचा राग खरा आहे. गांधीच्या नावाचं दुकान ज्यांनी ज्यांनी मांडलं, त्यांच्याकडे तो राग वळलेला आहे. असा राग सभ्य मराठीत निघत नाही. 1972 ला 'गोलपिठा' आला तेव्हाही पांढरपेशांनी नाकाला रुमाल लावले होते. वास कुठून येतो हे विचारलं नाही.

आता निकाल. न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि प्रफुल्ल पंत. दोघांनी कविता अश्लील ठरवली असं कुणी सांगितलं तर ते खोटं. ते काम खटल्याचं, कवीनं आपला बचाव तिथं मांडावा, असं ते म्हणाले. महापुरुषांवर टीका करू नये, असंही म्हणाले नाहीत. विचारांना मोकळीक आहे म्हणाले. इथवर ठीक. पुढं गोम आहे. म्हणतात, अश्लीलता आजच्या समाजाच्या मापानं मोजायची, पण शब्द जर गांधींसारख्या इतिहासात मान मिळालेल्या माणसाच्या नावानं, त्याच्या तोंडी घातला, तर तेच माप जास्त जोरानं लावायचं. म्हणजे शब्द एकच. माझ्या तोंडी एक वजन, गांधीच्या तोंडी दुप्पट.

मित्रांनो, हे माप आलं कुठून? घटनेच्या कलम 19 च्या पोटकलम 2 मध्ये बोलण्यावर बंधन घालायची कारणं मोजून लिहिलीयत. देशाचं सार्वभौमत्व, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. मी बोटं मोडून परत परत मोजली. महापुरुषाचा मान त्यात नाही. कोर्टानं तो सभ्यतेच्या पोत्यात भरला.

तसं पाहिलं तर याआधी वाट चांगली चालली होती. 1868 च्या इंग्रजांच्या नियमानं पुस्तकातला एखादा तुकडा उचलायचा आणि तो कच्च्या मनाला बिघडवेल का एवढंच पाहायचं. 1964 ला मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याला लॉरेन्सच्या कादंबरीपायी त्या नियमानं दोषी धरलं. 1969 ला मात्र 'रंभा'च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' कथेपायी अडकलेले चंद्रकांत काकोडकर याच कोर्टात सुटले. 1985 ला समरेश बसूंच्या बंगाली कादंबरीवेळी कोर्ट म्हणालं, शिवराळ असणं म्हणजे अश्लील असणं नव्हे. 1996 ला फूलनदेवीवरच्या 'बँडिट क्वीन'वेळी सांगितलं की तिची नागवी धिंड बघून माणसाला वासना नाही, किळस आणि संताप येतो. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपल्या बाया ज्या धिंडीतून गेल्या ती दाखवायची तर कपडे घालून दाखवता येत नाही. 2014 ला तर तो इंग्रजी नियमच बाजूला ठेवला. संपूर्ण कृती बघा, आजचा समाज बघा. आणि 2015 ला हे. शब्दांनाही उतरंड.

उतरंड म्हटलं की आपल्याला शिकवावं लागत नाही. वरचं मडकं, खालचं मडकं. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध असमानता म्हटलं. तीच आता भाषेत आली. आणि गंमत बघा, प्रकाशकानं बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून त्याच्यावरचा आरोप रद्द, त्याच्यासोबत छापणाऱ्यावरचाही. कवीनं मात्र खटल्याला उभं राहावं. हात जोडले तर सोडतात, हे गावकीतही असंच असतं.

इथं एक दादा मला म्हणेल, 'तू काय बोलण्याला मर्यादाच नको म्हणतोस?' नाही म्हणत. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बाबासाहेबांनीच अमेरिकेच्या कोर्टाचा दाखला देऊन सांगितलं की तिथंही मूलभूत हक्क बेबंद नाहीत. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीच्या वेळी कायदामंत्री म्हणून तेच सभागृहात बाजू मांडायला उभे होते. 'सगळं बोलू द्या' हे वाक्य ज्याला कुणी कधी जातीवरून हाक मारली नाही त्याला परवडतं. अॅट्रॉसिटी कायद्यात लोकांसमोर जातीवरून शिवी घालणं गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तिथं कायदा विचारतो, मार कुणाला बसला? जिवंत माणसाला, खालच्या पायरीवरच्या. गुर्जरांच्या निकालात कायदा विचारतो, नाव किती मोठं? हा फरक मला त्या दोन महिन्यांत कळला आणि तो माझ्या हातून सुटत नाही.

पण गाठ इथंच पडते. त्याच अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं, जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, एक नवं पोटकलम आलं. अनुसूचित जाती-जमातींना ज्यांच्याबद्दल आदर आहे अशा दिवंगत व्यक्तीचा शब्दानं वा कशानंही अनादर करणं गुन्हा. म्हणजे आपल्या महापुरुषालाही वरची पायरी मिळाली. मी हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, आधी छाती फुगली. 11 जुलै 1997 आठवा. रमाबाई नगरात पुतळ्याला चपलांची माळ, आणि गोळीबारात आपले दहा माणसं मेले. त्या माळेला शब्दाचं स्वातंत्र्य म्हणणाऱ्याच्या तोंडावर मी थुंकेन. त्या माळेसाठी हे कलम हवंच.

मग मे 2012 आठवा. शंकर यांचं 1949 चं व्यंगचित्र. घटना म्हणजे गोगलगाय, वर बाबासाहेब, मागे नेहरू, हातात चाबूक. अकरावीच्या पुस्तकात छापलेलं. संसदेत गदारोळ झाला, योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी सल्लागारपद सोडलं, आणि पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. चाबूक बघून मलाही टोचलं. आपली पाठ चाबूक विसरत नाही, आणि वर्गातली सवर्ण पोरं ते चित्र बघून काय हसली असतील तेही मला ठाऊक आहे. त्यावर पाच पानी लेख लिहायला हवा होता, पुस्तक लिहिणाऱ्यांना समोर बसवून जाब विचारायला हवा होता. खुर्च्या मोडून आपण काय सांगितलं? आमच्या माणसाचं चित्रही काढायचं नाही, हेच. नेमकं हेच गुर्जरांवर तक्रार करणारे गांधींबद्दल म्हणत होते.

आणि 1988 विसरलात? सरकारनं छापलेल्या बाबासाहेबांच्या 'रिडल्स'मधलं राम-कृष्णाचं प्रकरण काढा म्हणून मुंबईत मोर्चा निघाला. भावना दुखावल्या म्हणाले. आपण त्याला उत्तर द्यायला लाखोंनी रस्त्यावर आलो, आणि ते प्रकरण राहिलं, सरकार या मताशी सहमत नाही एवढी तळटीप लागून. तेव्हा 'आदरणीय व्यक्ती'चं माप कोर्टाच्या हातात असतं तर पहिला आरोपी कोण झाला असता, हे मंडळातल्या दादांनी मला सांगावं.

त्या कलमाखाली माझ्यावर केस होत नाही. ते आपल्याबाहेरच्यांना लागू आहे, मित्राने तपासून सांगितलं. मला कायद्यानं नाही अडवलं, वायर उपटणाऱ्या हातानं अडवलं. त्या दादाशी नंतर बोललो. वाईट माणूस नाही. म्हणाला, 'शब्द बदल, पुढच्या वर्षी पहिला नंबर तुझा.' मी म्हटलं, 'पुतळ्यानं त्या पोराला काय म्हणावं मग?' तो बराच वेळ गप्प राहिला आणि चहा सांगितला.

कविता याच अंकात आहे. स्टेन्सिल कापणाऱ्या मित्रानं त्या एका शब्दाच्या जागी तीन फुल्या मारल्या होत्या. मी करेक्शन लावून तिथं शब्द परत टाइप करायला सांगितलाय.