'डिसइंटरेस्टेड' आणि 'उदासीन'

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही असा, आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही असा, हा भेद इंग्रजीच्या शिक्षकांनी वारंवार सांगितला आहे. तरीही पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थी सर्रास वापरला जातो. हा आधुनिकांचा अनाचार आहे, असा शुद्धिवाद्यांचा आक्षेप आहे. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने नाही. सतराव्या शतकात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' या अर्थीही आढळतो आणि 'अनइंटरेस्टेड' हा 'निःपक्ष' या अर्थी. आजची वाटणी पुढे रूढ झाली.

या संभ्रमाचे मूळ 'इंटरेस्ट' या नामातच आहे. हितसंबंध आणि रस हे दोन्ही अर्थ तेथे एकत्र नांदतात. तेव्हा त्याच्या अभावाचेही दोन अर्थ होणे स्वाभाविक आहे. शिवाय 'रस नसणे' यासाठी 'अनइंटरेस्ट' हे नाम रूढ नसल्यामुळे ती जागा 'डिसइंटरेस्ट'ने घेतली आणि विशेषणही त्या ओढीने सरकले. निःपक्षपणासाठी 'डिसइंटरेस्टेडनेस' हे लांबलचक रूप उरले.

असे असले तरी भेद सोडून द्यावा, असे मात्र म्हणता येत नाही. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड' असावा ही अपेक्षा रास्त आहे. तो 'अनइंटरेस्टेड' असेल तर पक्षकारांचे दैवच फिरले म्हणावयाचे! इतिहास प्रयोगाला दोषमुक्त करतो. पण त्याची उपयुक्तता सिद्ध करीत नाही.

मराठी वाचकाला हे अर्थांतर परके वाटू नये. संस्कृतात 'उदासीन' म्हणजे अलग बसलेला, कोणत्याही पक्षात नसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात उदासीन राजाला निश्चित स्थान आहे. गीतेत तर हे भक्ताचे लक्षण आहे. मराठीत मात्र 'उदासीन' म्हणजे बेफिकीर, निरुत्साही. इंग्रजी शब्द ज्या वाटेने गेला, तीच ही वाट.

म्हणूनच मॅथ्यू अर्नल्डच्या 1864 च्या समीक्षाविषयक व्याख्यानातील 'डिसइंटरेस्टेडनेस'चे भाषांतर 'उदासीनता' असे केल्यास विपर्यास होतो. अर्नल्डचा समीक्षक व्यावहारिक व पक्षीय हेतूंपासून दूर राहतो, परंतु विषयाविषयी त्याचे कुतूहल उत्कट असते. 'तटस्थता'ही पुरेशी नाही, कारण तो मूल्यनिर्णय टाळीत नाही. 'निःस्वार्थता' हा शब्द चर्चा नीतीकडे नेतो, तर नुसत्या 'निरपेक्षते'ला तत्त्वज्ञानात वेगळाच अर्थ आहे. त्यातल्या त्यात 'हितनिरपेक्षता' बरी. शब्द जड आहे, परंतु फसवा नाही.

प्रश्न केवळ कोशाचा नाही. समीक्षकाने हितसंबंध बाजूला ठेवावेत, या अपेक्षेचा अर्थ त्याने आस्थाही बाजूला ठेवावी असा आपल्या विद्यार्थ्यांनी घेतला, तर निर्जीव लेखनालाच ते शास्त्रीय समीक्षा मानू लागतील.