नाणे आणि पराभव : नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या रूपबंधाचा विचार

प्रास्ताविक

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा दोन पद्धतींनी सांगितला जातो : एक यंत्रांचा व अभियंत्यांचा, दुसरा कंपन्यांच्या नफ्या-तोट्याचा. दोन्हींत नाणे केवळ मोबदला ठरते व खेळाच्या बाहेर राहते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, नाणे हा या खेळांच्या रूपबंधाचाच घटक आहे. नाटकाचे तिकीट दारावर फाटते आणि प्रयोगाबाहेर राहते. तमाशात दौलतजादा म्हणून येणारा पैसा मात्र प्रयोगाच्या आत शिरतो आणि लावणी किती लांबावी हे ठरवू लागतो. व्हिडिओ गेममधील नाणे या दुसऱ्या प्रकारचे आहे.

डावाची विक्री

१९७१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बिल पिट्स व ह्यू टक यांनी 'गॅलक्सी गेम' हे यंत्र बसविले. १९६२ मध्ये एमआयटी या संस्थेत तयार झालेल्या 'स्पेसवॉर!' या खेळाचे ते नाण्यावर चालणारे रूप होते. एका खेळास १० सेंट पडत. संगणकाच्या प्रयोगशाळेत हौसेखातर चाललेल्या खेळाला अशा रीतीने किंमत आली आणि किंमतीबरोबर मर्यादाही आली. १९७२ मध्ये अटारी कंपनीसाठी ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' घडविला. सनीव्हेल येथील एका मद्यगृहात ठेवलेले त्याचे पहिले यंत्र बिघडले, ते नाण्यांची पेटी भरून वाहू लागल्यामुळे, ही हकीकत प्रसिद्धच आहे. 'पाँग'मध्ये दोघे खेळतात आणि ठरावीक गुण होताच डाव संपतो. येथे पराभव असतो, परंतु तो एकाचाच. समोरचा जिंकलेला असतो.

पराभवाचा घाट

हे चित्र १९७८ मध्ये पालटले. जपानमधील टायटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये प्रतिस्पर्धी माणूस नाही, यंत्र आहे. शत्रूंच्या रांगा खाली सरकत येतात आणि त्यांची संख्या घटते तसा त्यांचा वेग वाढतो. हा वेग मुळात तांत्रिक मर्यादेतून आला. रेखाटावयाच्या आकृत्या कमी झाल्या की, प्रक्रियकाचे काम हलके होई. निशिकादो यांनी हा परिणाम तसाच राहू दिला. एक फळी संपली की दुसरी येते. अखेरचा विजय येथे नाहीच, कारण पुढच्या नाण्यासाठी चालू डाव संपणे आवश्यक असते. मात्र तो केव्हा संपेल, हे खेळाडूचे कौशल्य ठरविते. नाण्याला डाव लवकर संपावयास हवा असतो, खेळाडूला तो लांबवायचा असतो. या ताणातूनच या काळातील खेळांचा घाट सिद्ध झाला.

या खेळामुळे जपानमध्ये १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, ही कथा वारंवार सांगितली जाते. नाण्यांच्या उत्पादनाचे आकडे तपासणाऱ्या अभ्यासकांना मात्र तिला आधार सापडलेला नाही. नाण्याचे महत्त्व अशा दंतकथेपेक्षा खेळाच्या रचनेत शोधणे अधिक योग्य होय.

या रचनेचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग अटारीच्या 'मिसाइल कमांड' (१९८०) मध्ये दिसतो. डेव्ह थ्यूरर यांच्या या खेळात आकाशातून कोसळणाऱ्या क्षेपणास्त्रांपासून सहा शहरे वाचवावयाची असतात. खेळाडूला प्रतिहल्ला करता येत नाही. केवळ बचाव करता येतो आणि तोही अखेरीस अपुराच पडतो. सर्व शहरे नष्ट झाल्यावर पडद्यावर 'खेळ संपला' असे नेहमीचे शब्द येत नाहीत; येतो तो फक्त 'अंत'. शीतयुद्धाच्या काळात अणुयुद्ध कोणीच जिंकू शकत नाही, हे विधान येथे निवेदनातून नव्हे, तर नियमांतून व्यक्त होते. व्यवसायाने लादलेला अटळ पराभव आशयाच्या पातळीवर सार्थ होतो.

आयुष्याची विक्री

१९८५ च्या 'गॉन्टलेट'मध्ये हा ताण सैल झाला. खेळाडूची प्राणशक्ती क्षणाक्षणाला आपोआप घटते आणि नवे नाणे टाकताच ती वाढते. चौघांनी एकाच यंत्रावर सहकार्याने खेळावे, ही या खेळाची देणगी निःसंशय मोलाची आहे. तथापि, येथे नाणे डाव सुरू करून थांबत नाही. ते डावाच्या मध्येच कौशल्याची जागा घेते. पराभव अटळ न राहता लांबणीवर टाकता येण्याजोगा होतो आणि म्हणूनच अर्थहीन होतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्यापारी दडपण कलाकृतीला हीनच करते, हे गृहीतक या खेळांना सरसकट लागू पडत नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स' व 'मिसाइल कमांड' यांना नाण्यानेच घाट दिला. 'गॉन्टलेट'चा घाट नाण्यानेच विसविशीत केला. पैसा आहे की नाही यापेक्षा तो रचनेत कोठे शिरतो, हा प्रश्न निर्णायक ठरतो. आज भ्रमणध्वनीवरील अनेक खेळ विनामूल्य सुरू होतात आणि मध्येच पैसे मागतात. त्यांचे नाते 'गॉन्टलेट'शी आहे. आपले विद्यार्थी हे खेळ रोज खेळतात. त्यांना व्यसन म्हणून झिडकारणे सोपे आहे. त्यांतील पराभव कोणासाठी व कशासाठी रचला आहे, हे वाचावयास शिकविणे अवघड आहे. समीक्षेचे काम मात्र या दुसऱ्या वाटेनेच सुरू होते.