कोलरिजचा खलाशी वांद्र्याच्या मैदानांत

कलेची परीक्षा तिच्याच जातीच्या नियमांनीं करावी, हें तत्त्व आपण काव्याच्या बाबतींत मान्य करतों; संगीताच्या बाबतींत मात्र तें सोयीस्करपणें विसरतों. ‘हेवी मेटल’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्य गायनाविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गाचें मत ठरून गेलेलें आहे: तो गोंगाट होय. तरुणांना तो आवडतो, ही गोष्टही त्याच्या विरुद्ध पुरावा म्हणूनच पुढें करण्यांत येते. १ फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानांत लंडनच्या ‘आयर्न मेडन’ या संचाचा प्रयोग झाला. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनें जाऊन आम्ही तो ऐकिला. त्याच्या आधारें या मताचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

हा संच १९७५ सालीं स्थापन झाला. २००८ ची त्याची जगयात्रा मुंबईपासूनच सुरू झाली, आणि गायक ब्रूस डिकिन्सन हा त्या यात्रेंत संचाच्या विमानाचें सारथ्यही करीत होता. तीन गिटार, एक बास आणि तालवाद्यें एवढीच सामग्री. परंतु ध्वनिवर्धकांमुळें नाद कानांवर न पडतां छातीवर आदळतो. या माऱ्यांत नाजूक स्वरविलासाला वाव नाहीं, हें खरेंच. पण रौद्र आणि भयानक या रसांना आपल्या शास्त्रानें स्थान दिलें आहे, आणि ते रस कुजबुजीनें साधत नाहींत.

विषयांची निवड पाहतां आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मयाच्या शिक्षकास आश्चर्य वाटावें. ‘द ट्रूपर’ हें गीत १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईवर आहे. टेनिसनची त्याच लढाईवरील कविता आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली. टेनिसन दुरून पाहतो आणि वीरांचा गौरव करतो. येथें घोडेस्वार स्वतः बोलतो, आणि त्याच्या वांट्यास एकाकी मरण येतें. टापांसारखी धांवती लय दोहोंतही आहे. दृष्टि मात्र भिन्न आहे.

खरी कसोटी कोलरिजच्या खलाशाची. १७९८ चें तें कथाकाव्य स्टीव्ह हॅरिसनें १९८४ सालीं तेरा मिनिटांहून अधिक लांबीच्या गीतांत बसविलें. मध्यें वाद्यें जवळजवळ थांबतात, जहाजाचीं लांकडें करकरतात, आणि मूळ काव्यांतील ओळी संथपणें उच्चारल्या जातात. एवढें अफाट मैदान त्या वेळीं स्तब्ध झालें. हा परिणाम गोंगाटाला साधणारा नव्हे.

तथापि एक दोष सांगितलाच पाहिजे. कोलरिजचा खलाशी जलसर्पांना नकळत आशीर्वाद देतो. त्या नकळतपणांतच काव्याचें हृदय आहे. गीतांत तो क्षण चढत जाणाऱ्या स्वरांनीं गांठला जातो, आणि क्षमा विजयासारखी गाजते. तसेंच ‘एडी’ नांवाचें अजस्र बाहुलें रंगमंचावर येतांच भयानकाची जागा कौतुकमिश्रित हास्य घेतें. स्वरांनीं जें कमाविलें, तें बाहुल्यानें गमाविलें.

आमच्या परभणीच्या राजारामबापू कदमांनीं ज्या गोंधळाला कीर्ति मिळवून दिली, त्यांतही आख्यान असतें, आणि संबळाचा कडकडाट असतो. गोंधळी मात्र मध्येंच थांबून कथा समजावून देतो. साथीदार शंका विचारतो. मेडनच्या प्रयोगांत ही सोय नाहीं. शब्द नादांत बुडून जातात. पण भोंवतालच्या तरुणांची त्याविषयीं तक्रार नव्हती, कारण शब्द त्यांना मुखोद्गत होते. गोंधळाच्या श्रोत्यांसही कथा आधींच ठाऊक असते. ते ती जाणून घेण्यास नव्हे, तर तींत सहभागी होण्यास येतात.

आणि येथेंच आमच्या व्यवसायाला बोंचणारी गोष्ट आहे. वर्गांत कोलरिजचें हेंच काव्य परीक्षेच्या गुणांसाठीं टिपणांच्या आधारें कसेंबसें पार पाडलें जातें. आणि तीच कथा कोणीही सक्ती न करतां हजारों मुलें पाठ म्हणतात. यावरून गीत मूळ काव्याहून श्रेष्ठ ठरत नाहीं, तें नाहींच. परंतु जो विद्यार्थी हें गीत ऐकून आला आहे, त्याच्या हातीं मूळ काव्य देण्याऐवजीं त्याच्या रुचीची टवाळी करणारा शिक्षक दोन्ही कलांचा अपराधी होय. जलसर्पांचा तो क्षण गीतांत कां हरवला, हें त्याच विद्यार्थ्यास विचारावें. उत्तर शोधण्यासाठीं त्याला कोलरिज वाचावाच लागेल.