टेबलांवरच्या गप्पांसकट

'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही रेकॉर्ड लावली की पियानोबरोबर एक खोलीही ऐकू येऊ लागते. 'माय फूलिश हार्ट' हे पहिलंच गाणं इतकं संथ आहे, की दोन सुरांमध्ये ऐकणाऱ्याचा कान मोकळा राहतो; आणि त्या मोकळ्या जागेत कुठे ग्लासावर ग्लास लागतो, कुणी खुर्ची सरकवतं, मागच्या टेबलावर हलक्या आवाजात काहीतरी बोलणं चालू असतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला राग येतो. पियानोवर बिल इव्हान्स बसलाय आणि यांना गप्पा कसल्या सुचतात? हा राग माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाला आलेला आहे. बहुतेकांचा तो निवळतो, आणि पुढे हेच आवाज काढून टाकलेली रेकॉर्ड कुणी हातात दिली तर ते नको म्हणतील.

ती खोली म्हणजे न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातला 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हा क्लब, आणि दिवस २५ जून १९६१चा, रविवार. सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवरच्या एका इमारतीच्या तळघरात हा क्लब आहे. दारातून अरुंद जिना उतरायचा, की समोर निमुळती होत गेलेली तिकोनी खोली, आणि तिच्या टोकाला छोटासा मंच. जेमतेम सव्वाशे माणसं मावतात. मॅक्स गॉर्डन या गृहस्थाने १९३५मध्ये तो या जागेत आणला तेव्हा तिथे कवी कविता वाचायचे, लोकगीतं गायली जायची, विनोदवीर आपलं नशीब आजमावायचे. पूर्णवेळ जॅझ सुरू झालं ते १९५७च्या सुमारास. त्याच वर्षी सॉनी रोलिन्सचं तिथलं वादन ध्वनिमुद्रित झालं आणि क्लबचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर आलं.

क्लबमधल्या संगीताचा हिशेब वेगळा असतो. सभागृहात माणूस कार्यक्रमाला जातो. क्लबमध्ये तो संध्याकाळ घालवायला जातो. बरोबर दोन-तीन मित्र, समोर पेय, आणि पलीकडे संगीत. वादक एकदा बसून तीन तास वाजवत नाहीत. तासाभराहून कमीच वाजवायचं, थांबायचं, नवी माणसं आली की पुन्हा वाजवायचं. त्या रविवारी इव्हान्स, बासवर स्कॉट लफारो आणि ड्रमवर पॉल मोशन यांनी असे पाच सेट वाजवले, दोन दुपारी आणि तीन रात्री. त्यांच्या दृष्टीने तो कामाचा दिवस होता. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज यंत्रं लावून बसला होता, एवढाच फरक. दीड वर्षापूर्वी या तिघांनी स्टुडिओत 'पोर्ट्रेट इन जॅझ' केली होती, आणि १९६१च्या फेब्रुवारीत 'एक्सप्लोरेशन्स'. दोन्ही उत्तम. तरीही या तिघांमध्ये जे घडतं ते समोर माणसं असताना अधिक मोकळं होतं, हे व्हॅनगार्डच्या ध्वनिफिती ऐकल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

आता 'माय फूलिश हार्ट'कडे जरा जवळून पाहू. १९४९च्या एका चित्रपटातलं हे व्हिक्टर यंगचं गाणं. इव्हान्स त्याचा विस्तार असा करतच नाही. जॅझमध्ये चाल एकदा सांगून मग तिच्या पायावर नवं काही रचत जाण्याची रीत आहे. इथे तो मूळ चालच सांगतो, पण तिच्याखालचे स्वरसमूह असे मांडतो की प्रत्येक सूर थोडा उशिरा उमगतो. लफारो फार थोडं वाजवतो. एक खोल सूर, आणि तो विरेपर्यंत वाट पाहणं. मोशन ब्रशने कातड्यावर फिरतो आणि मधेच झांजेला स्पर्श करतो, तर तिची झिणझिण बराच वेळ हवेत राहते. इतक्या कमी सामग्रीवर पाच मिनिटं उभी राहतात, कारण तिघेही शांततेला घाबरत नाहीत. आणि ती शांतता रिकामी नाही. तिच्यात माणसं आहेत. स्टुडिओतल्या निर्वात शांततेत हेच वादन कदाचित फार नाजूक, फार जपून ठेवलेलं वाटलं असतं. ग्लासांच्या किणकिणीमुळे ते जमिनीवर राहतं.

दुसरं गाणं रेकॉर्डला नाव देणारं. डेबी ही इव्हान्सच्या भावाची लहान मुलगी. ही रचना त्याने १९५६च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डमध्ये एकट्याने, अगदी थोडक्यात वाजवली होती. इथे सुरुवातीला पियानो आणि बास असे दोघंच असतात, तीन मात्रांच्या वजनात. मुलीचा हात धरून चालल्यासारखी ही चाल आहे, आणि लफारो तिच्या मागून नव्हे तर शेजारून चालतो. इव्हान्स वाक्य संपवतो त्या जागी लफारोचं वाक्य आलेलं असतं. मग मोशन ब्रश घेऊन आत येतो, वजन चार मात्रांचं होतं, आणि तीच चाल एकाएकी धावू लागते. हा बदल कुठे झाला ते पकडायचा प्रयत्न करा. सांधा दिसत नाही.

लफारो काय करत होता हे समजायचं तर त्याआधीचा बास काय करत असे ते ठाऊक हवं. बासवाल्याने चारही मात्रा भरत, खालच्या पट्टीत, न थकता चालत राहायचं. त्याच्या भरवशावर बाकीच्यांनी मोकळं व्हायचं. पंचविशीतल्या लफारोने ते चालणं हवं तेव्हा सोडलं. तो वरच्या पट्टीत जातो, गिटारसारख्या चपळाईने सुरांच्या लडी सोडतो, मधेच गप्प बसतो, इव्हान्सला अडवतो, कधी त्याचं म्हणणं पुरं करतो. ठेका कुणा एकाच्या गळ्यात नाही. तिघांच्या मनात तो आहे, म्हणून कुणालाच सतत वाजवून दाखवावा लागत नाही. जुन्या मित्रांच्या टेबलावर जे चालतं तेच हे: एकजण बोलत असताना दुसरा 'हं' म्हणतो, तिसरा मधेच फाटा फोडतो, आणि मूळ विषय कुणाचाच हरवत नाही. या रेकॉर्डमध्ये अशा दोन गप्पा एकाच वेळी चालू आहेत, मंचावर एक आणि खाली एक. मला रेकॉर्डचा खरा रस इथे वाटतो. खालच्या गप्पा नसत्या तर वरच्या गप्पा 'गप्पा' म्हणून ओळखू आल्या असत्या का, याची मला शंका आहे.

आपल्या कानांना हे सुरुवातीला बोचतं, कारण आपली मैफल वेगळी घडलेली आहे. खासगी बैठकींच्या ज्या ध्वनिफिती आपल्याकडे हातोहात फिरल्या, त्यांतही श्रोते ऐकू येतात. पण ते गाण्याला उत्तर देत असतात. समेवर 'वा', एखाद्या अवघड जागेवर 'क्या बात है', आणि गवय्याचं त्यावरचं हसू. तिथे गप्पा मारणाऱ्याला डोळे वटारून गप्प केलं जातं. व्हॅनगार्डमधल्या त्या रविवारच्या लोकांना दाद देता येत नव्हती असं नाही. गाणं संपलं की टाळ्या पडतात, बासच्या तुकड्यानंतरही पडतात. पण त्या मोजक्या आहेत, कधीकधी तर इतक्या तुरळक की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. समोर काय चाललंय ते यांना कळत होतं का? काहींना नक्कीच कळत असेल. काही नुसते रविवार घालवायला आले असतील. मला दुसऱ्या गटाबद्दल अधिक आपुलकी वाटते. अर्धवट लक्षानेही संगीत अंगात जातं. भक्तिभावाने ऐकणं ही ऐकण्याची एकच तऱ्हा आहे, आणि ती सर्वांत वरची आहे असं मानायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

त्याच दिवसाच्या ध्वनिफितींतून दोन रेकॉर्डी निघाल्या. आधी आली 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड', १९६१मध्येच. तिच्यात लफारोच्या स्वतःच्या दोन रचना आहेत, एक पहिली आणि एक शेवटची. पहिली 'ग्लोरियाज स्टेप'. त्या काळची बहुतेक गाणी आठ-आठ बारांच्या चार ओळींत बसत. ही पाच बार, पुन्हा पाच, मग दहा अशी तुटते. पाय पुढे टाकावा आणि पायरी जरा अलीकडेच यावी तसं होतं, पण तिघेही अडखळत नाहीत. त्या दुपारी ही रचना पहिल्यांदा वाजवताना मधे विजेने दगा दिला आणि ध्वनिमुद्रणात खंड पडला. तो तुकडा २००५मध्ये संपूर्ण संच निघाला तेव्हा, खंडासकट, लोकांसमोर आला. संगीतात वीज जाणं ही फक्त आपलीच मक्तेदारी नाही, हे कळून मला उगाच बरं वाटलं.

दुसरी रचना 'जेड व्हिजन्स'. नऊ मात्रांचं संथ वजन, आणि बासवर एकाच वेळी दोन-तीन तारा छेडून काढलेले स्वरसमूह. रात्रीच्या शेवटच्या सेटमध्ये ती लागोपाठ दोनदा वाजवली आहे. एव्हाना बरीच टेबलं रिकामी झाली असावीत असं ऐकताना वाटतं. संपूर्ण संचात यानंतर आणखी एक छोटासा तुकडा आहे, सेट आवरता आवरता वाजवलेले काही बार. दुकान बंद करताना शेवटचं फडकं फिरवावं इतक्या सहजपणे तो येतो आणि जातो.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातल्या एका रस्त्यावर मोटार झाडावर आदळून लफारो गेला. इव्हान्सने कित्येक महिने वादनच सोडलं. पहिल्या रेकॉर्डमधली गाणी निवडली गेली ती लफारो ठळक ऐकू यावा म्हणून. 'वॉल्ट्झ फॉर डेबी' पुढच्या वर्षी आली. तेव्हापासून या संगीतावर लिहिणारा प्रत्येकजण त्या अपघाताने सुरुवात करतो, आणि त्यातून एक नुकसान होतं. श्रोता प्रत्येक सुरात निरोप शोधू लागतो. तो तिथे नाही. 'माइलस्टोन्स' ऐका: लफारो त्यात इतका उंडारतो, इतका हुंदडतो, की हा माणूस पुढची तीस वर्षं वाजवणार आहे याबद्दल मंचावर कुणालाच शंका नव्हती हे स्पष्ट कळतं. मोशन खुशीत आहे. इव्हान्सचा हातसुद्धा इथे हलका आहे. हा आनंदी संगीताचा दिवस होता, आणि नंतर काय झालं याचं ओझं त्याच्या डोक्यावर देणं मला अन्यायाचं वाटतं.

'सम अदर टाइम'पुरता मात्र मी हा हट्ट सोडतो. लिओनार्ड बर्नस्टाइनच्या या गाण्याखाली इव्हान्स दोनच स्वरसमूहांचा झोका चालू ठेवतो. हाच झोका त्याच्या १९५८च्या 'पीस पीस'मध्ये आहे, आणि माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'फ्लॅमेंको स्केचेस'मध्येही. त्यावर गाणं फक्त टेकलेलं असतं. मागे कुणीतरी बोलतंय. काय बोलतंय ते आजच्या कुठल्याही यंत्राने कळत नाही, आणि कळू नये.

व्हॅनगार्ड अजून चालू आहे. मॅक्स गॉर्डन १९८९मध्ये गेल्यावर त्याची बायको लॉरेन हिने तो २०१८पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, सांभाळला. आता मुलगी सांभाळते. इव्हान्स जून १९८०मध्ये तिथे वाजवून गेला आणि सप्टेंबरमध्ये वारला. मोशन तर २०११मध्ये जाईपर्यंत तिथे येत राहिला. आज तिथे वादन चालू असताना बोलू नका असं सांगितलं जातं, फोन बाहेर काढू देत नाहीत. फोनबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या रेकॉर्डींनी ही खोली जगभर नेली, त्यांच्यातली कुजबूज आजच्या नियमांत बसली नसती. तळघराचं देऊळ झालं की असंच होतं, आणि देऊळ करणाऱ्यांत आपणही आहोतच, इतक्या दुरून.

व्हॅनगार्डमधल्या त्या रविवारच्या काळात इकडे मुंबईत, चर्चगेटच्या आसपासच्या रेस्टॉरंटांत, गोव्याचे वादक संध्याकाळी जॅझ वाजवत असत. दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात बसायचं आणि रात्री आपल्या मनासारखं वाजवायचं, असं त्यांतल्या अनेकांचं आयुष्य होतं. समोर मित्रमंडळी, कटलेटच्या बशा, गप्पा, नाच. त्या संध्याकाळींचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे फारसं उरलेलं नाही. वादकांची नावं थोडीफार राहिली. खोल्यांचे आवाज गेले. कुणी कीपन्यूजसारखा यंत्रं लावून बसला असता तर चर्चगेटच्या ग्लासांची किणकिणही आज आपल्या ओळखीची असती.

म्हणून दोन विनंत्या. एक ऐकण्याबद्दल: 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हेडफोन लावून, दिवे घालवून, एकट्याने ऐकू नका, निदान पहिल्यांदा तरी. सुमारे ३८ मिनिटांची आहे. दोन मित्र बोलवा, चहा करा, हवं तर काही कडक घ्या, आणि मधे बोलायला बंदी ठेवू नका. 'माइलस्टोन्स'पर्यंत कोण आपोआप गप्प झालंय ते पाहा. दुसरी विनंती तुमच्या गावातल्या, उपनगरातल्या त्या छोट्या जागेबद्दल, जिथे शनिवारी चार मुलं येऊन वाजवतात आणि पंधरा माणसं ऐकतात. तिथे जा, मित्रांना घेऊन जा, बिल भरा, आणि मुलांची हरकत नसेल तर एखादा सेट नीट मुद्रित करून ठेवा. टेबलांवरच्या गप्पांसकट.