हुकूमनाम्याची अंमलबजावणी आणि लिलावाची किंमत : एक चिकित्सा

दिवाणी दाव्याचा निकाल लागला म्हणजे वाद मिटला, असा सर्वसामान्य समज असतो. वस्तुतः पैशाच्या दाव्यात निकालाने केवळ येणे निश्चित होते. ते पदरात पडण्यासाठी हुकूमनामाधारकास पुन्हा न्यायालयात दरखास्त दाखल करावी लागते. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतरच सुरू होतात, असे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदविले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार देशात ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित होत्या आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ४१ हजार मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील होत्या.

या आकड्यांमुळे सारी चर्चा विलंबाभोवती फिरते, हे स्वाभाविक आहे. परंतु जप्ती आणि लिलावाच्या व्यवस्थेत विलंबाइतकाच जुना दुसरा दोष आहे, तो म्हणजे मालमत्तेस येणारी अल्प किंमत. एकीकडे धनको वर्षानुवर्षे ताटकळतो आणि दुसरीकडे ऋणकोची जमीन कवडीमोलाने जाते. हे दोन दोष परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेने ऋणकोचे संरक्षण न्यायालयाच्या कर्तव्यात कमी आणि ऋणकोच्या हरकतीत अधिक ठेवले आहे. ज्यास हरकती घेणे परवडते तो काळ काढतो. ज्यास वकीलही परवडत नाही त्याच्या वाट्यास लिलाव येतो.

महाराष्ट्राला याचा अनुभव दीडशे वर्षांपूर्वी आलेला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे मागून घेऊन ते जाळण्यात आले. कागद स्वाधीन केले तेथे सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हुकूमनामा हे न्यायाचे नव्हे, तर सावकाराचे हत्यार झाले होते. दावे एकतर्फी निकालात निघत, कैदेची धास्ती दाखविली जाई आणि जप्त झालेली जमीन बहुधा सावकारच विकत घेई. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही न्यायालयात नागवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र आले आहे.

या उठावाच्या चौकशीनंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आज इतिहासाच्या क्रमिक पुस्तकापुरता उरला असला, तरी त्याची रचना मुळातून पाहण्याजोगी आहे. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या या कायद्याने शेतकऱ्यास पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैद करणे बंद केले आणि स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर त्याची स्थावर मालमत्ता जप्ती व विक्रीतून वगळली. कुटुंबाच्या निर्वाहास लागणारी जमीन सोडून उरलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याने कमाल सात वर्षे ताब्यात घ्यावी व तिच्या उत्पन्नातून धनकोचे देणे फेडावे, अशी तजवीजही त्यात होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचे काम कायद्याने न्यायालयावरच सोपविले. ऋणकोने रक्कम मान्य केली तरी ती कबुली खरी व जाणतेपणी दिलेली आहे, अशी न्यायालयाची खात्री व्हावी लागे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८० च्या दशकात याच कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. कायद्याला पळवाटा फुटल्या हे खरे. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेऊ लागले आणि पुढे त्यावरही दुरुस्ती करावी लागली. तथापि गप्प राहणाऱ्या ऋणकोचेही संरक्षण व्हावे, ही त्यामागील भूमिका चुकीची ठरत नाही.

१९०८ च्या संहितेत दयेचा अभाव आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. कलम ६० अन्वये अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक जनावरे व बियाणे जप्त करता येत नाही. शेतकऱ्याचे किंवा मजुराचे राहते घरही वगळले आहे. पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित आहे. (एक हजाराची ही मर्यादा आजच्या महागाईत केवळ नावापुरती राहिली आहे.) कैदेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केले की केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोस तुरुंगात टाकता येणार नाही; ऐपत असूनही दुष्ट हेतूने टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे.

अडचण किमतीच्या टप्प्यावर येते. आदेश २१, नियम ६६ अन्वये विक्रीचा जाहीरनामा उभय पक्षांस नोटीस देऊन तयार करावयाचा असतो. १९७६ च्या दुरुस्तीने मात्र असे स्पष्ट केले की न्यायालयाने मालमत्तेच्या किमतीचा स्वतःचा अंदाज जाहीरनाम्यात देणे बंधनकारक नाही. पक्षकारांनी अंदाज दिला असल्यास तो नमूद करावा. म्हणजे ऋणको हजर झाला नाही तर धनकोचाच आकडा तेवढा कागदावर राहतो. त्याच दुरुस्तीने नियम ९० मध्ये आणखी एक अट घातली. जी हरकत जाहीरनामा तयार होईपर्यंत घेता आली असती, तिच्या आधारे विक्री रद्द करून मागता येत नाही. नियम ६६ मध्ये न्यायालयास मौनाची मुभा मिळाली आणि नियम ९० मध्ये ऋणकोस त्याच्या मौनाची शिक्षा मिळाली. विलंबास आळा घालणे हा दुरुस्तीचा हेतू असेलही, पण ज्याच्याजवळ वकील आहे त्याला थांबविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. तो वेळेवर हजर होतो, हरकती नोंदवितो, नियम ५८ खाली नातेवाइकास हक्क सांगावयास लावतो, ताब्याच्या वेळी नियम ९७ चा वाद उभा राहतो आणि दरखास्त रेंगाळते.

विकावयाच्या मालमत्तेच्या प्रमाणाबाबत स्थिती काहीशी बरी आहे. नियम ६४ प्रमाणे हुकूमनाम्याच्या पूर्ततेस पुरेल एवढाच भाग विकावयाचा असतो. सुमारे २,४०० रुपयांच्या वसुलीसाठी दहा एकर जमीन १७,००० रुपयांस विकली गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये हे न्यायालयाचे कर्तव्यच असल्याचे सांगून ती विक्री रद्द ठरविली. परंतु किती भाग पुरेल हे ठरविण्यासाठी आधी किंमत ठाऊक असावी लागते. किमतीचा अंदाज न करता नियम ६४ पाळावयाचा कसा, याचे उत्तर संहितेत सापडत नाही.

बँकांच्या वसुलीशी तुलना केली असता ही उणीव अधिकच उघडी पडते. २००२ चा सरफेसी कायदा ऋणकोच्या बाजूचा म्हणून कोणी ओळखत नाही. तरीही त्याखालील नियमांनुसार स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून मूल्यांकन करून घेऊन राखीव किंमत निश्चित करणे अनिवार्य आहे. बँकेचा अधिकारी जे केल्यावाचून विक्री करू शकत नाही, ते न्यायालयास ऐच्छिक असावे, ही विसंगती समर्थनीय नाही.

दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला व २०२५ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. धनकोच्या दृष्टीने तो स्वागतार्हच आहे. मात्र ही मुदत गाठण्यासाठी नियम ६६ ची सुनावणी उरकण्यात आली, तर गती वाढेल ती नेमकी एकाकी ऋणकोच्या प्रकरणांत. मूल्यांकन जप्तीबरोबरच, न्यायालयाच्या आदेशाने व दरखास्तीच्या खर्चात झाल्यास वेळ वाचेल, नियम ६४ प्रमाणे भाग पाडणे शक्य होईल आणि किमतीच्या नावाने नंतर उपस्थित होणाऱ्या बऱ्याच हरकतींचा आधारच नाहीसा होईल. नियम ८९ अन्वये विक्रीनंतरही साठ दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील देणे आणि खरेदीदारासाठी खरेदीच्या रकमेवर पाच टक्के भरून जमीन सोडविता येते. पण ही मुदत विक्रीच्या तारखेपासून चालू होते; जमिनीवर दवंडी पिटली गेली त्या दिवशी ऋणको ऊसतोडीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असला, तरी ती त्याच्यासाठी थांबत नाही.